एकच वही, सहा टेबलं

ऑफिसात नवीन कॉम्प्युटर आले की पहिल्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "जुनाच बरा होता हो!" मशीन वेगवान असतं, स्क्रीन मोठा असतो, पण रोजचं जे एक काम असतं तेच नेमकं अडतं. समोरच्या टेबलावरून केलेली नोंद आपल्या टेबलावर दिसत नाही. किंवा प्रोग्राम सांगतो की फाइल दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे, आणि तो 'दुसरा कुणीतरी' ऑफिसभर शोधूनही सापडत नाही.

आमच्या वर्तकनगरात अशी छोटी ऑफिसं पुष्कळ. म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर, पोखरण रोडच्या कडेला, गाळ्यागाळ्यांत. पतसंस्था, टॅक्सवाले, डिस्ट्रिब्युटर, क्लासेस. चार ते सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि कोपऱ्यातला एक पीसी ज्याला सगळे आदराने 'सर्व्हर' म्हणतात. त्या सर्व्हरवर एक फोल्डर शेअर केलेला असतो. बाकीच्या मशीनवर तो एफ ड्राइव्ह म्हणून दिसतो. सगळा धंदा त्या एफ ड्राइव्हमध्ये.

या एफ ड्राइव्हचा इतिहास आज लिहायचाय. कारण मला वाटतं की नवीन कॉम्प्युटर आल्यावर होणारा गोंधळ हा नव्याचा नसतोच, तो जुन्याचा असतो. तीस-पस्तीस वर्षं एक गोष्ट केवळ शिष्टाचारावर चाललेली असते आणि नवीन मशीन तो शिष्टाचार पाळत नाहीत, इतकंच.

तर मंडळी, आधी जरा मागे जाऊ. कॉम्प्युटरच्याही मागे.

जुन्या पेढीवर किर्द एकच असायची. रोजचा व्यवहार किर्दीत, मग तिथून खतावणीत, महिनाअखेरीस तेरीज. दोन कारकून एकाच वेळी एका पानावर लिहू शकत नसत, कारण वही एक आणि ती ज्याच्या पुढ्यात तोच लिहिणार. आमच्या भाषेत सांगायचं तर वही हेच लॉक. वेगळी काही व्यवस्था लागत नव्हती. गर्दी वाढली की बँकांनी काय केलं? लेजर फोडली. अ ते ह या काउंटरला, पुढची त्या काउंटरला. म्हणजे कुलूपही फोडलं, तुकड्या-तुकड्यांत.

कॉम्प्युटरवाल्यांना हा प्रश्न पहिल्यांदा नीट दिसला तो मोठ्या मशीनवर. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलवरचा जो प्रसिद्ध पेपर लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'शेअर्ड' हा शब्द आहे. आपण कॉडना टेबलं आणि नॉर्मल फॉर्मसाठी लक्षात ठेवतो (परीक्षेत तेच विचारायचे!), पण त्यांच्या डोळ्यांपुढे मुळात अनेकांनी मिळून वापरायचा डेटा होता. पुढे सत्तरच्या दशकातच जिम ग्रे आणि मंडळींनी आयबीएममध्ये बसून कुलपाचा बारीक विचार केला. कुलूप पूर्ण वहीला लावायचं, पानाला की एका ओळीला? वाचणाऱ्याला आत येऊ द्यायचं का? दोघं एकमेकांच्या कुलपाची वाट बघत बसले तर? या सगळ्याला त्यांनी दिलेलं उत्तर सोपं करून सांगायचं तर असं: डेटाच्या दारात एक राखणदार बसवायचा. कुणीही थेट वहीला हात लावायचा नाही. राखणदाराला सांगायचं, तो लिहील. १९८० च्या दशकाच्या मध्यात दिल्लीत रेल्वेचं कॉम्प्युटराइज्ड आरक्षण सुरू झालं, त्यामागे हाच विचार. एक बर्थ दोघांना जाता कामा नये.

पण हे मोठ्यांचं झालं. छोट्या ऑफिसांकडे आली ती वेगळीच वंशावळ.

कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिना इथे नासाची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आहे. तिथल्या वेन रॅटलिफ नावाच्या इंजिनिअरला ऑफिसातल्या फुटबॉलच्या पैजेत जिंकायचं होतं. त्यासाठी संघांची आकडेवारी साठवायला त्याने १९७०च्या दशकाच्या शेवटी घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम लिहायला घेतला आणि त्याचं नाव ठेवलं व्हल्कन. हाच प्रोग्राम पुढे अ‍ॅश्टन-टेट कंपनीने डीबेस टू या नावाने विकला. (डीबेस वन कधी नव्हतंच. आणि अ‍ॅश्टन नावाचा कुणी भागीदारही नव्हता. मार्केटिंग, दुसरं काय!) लक्षात घ्या, हा एका माणसाचा, एका मशीनवरचा प्रोग्राम होता. त्याची डीबीएफ फाइल अगदी साधी. सुरुवातीला एक छोटा हेडर, त्यात चौथ्या ते सातव्या बाइटमध्ये एकूण किती नोंदी आहेत तो आकडा, आणि मग नोंदी ओळीने, सारख्या लांबीच्या. जणू छापील रकान्यांची वहीच.

मग फॉक्सबेस, क्लिपर, फॉक्सप्रो अशी भावंडं आली. सगळ्यांची वही तीच, डीबीएफ. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनीच विकत घेतली.

आपल्याकडे हे सगळं फार पटकन रुजलं. बँकांत १९८३ साली कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा पहिला अहवाल आला आणि शाखाशाखांत लेजर पोस्टिंग मशीन येऊ लागली. पतसंस्थांना एवढा खर्च परवडणारा नव्हता. त्यांच्यासाठी होता गल्लीतला फॉक्सप्रोवाला. एनआयआयटी, अ‍ॅपटेक किंवा तसल्याच एखाद्या क्लासमधून शिकून आलेला, लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून मशीन जोडून देणारा आणि त्यावर स्वतः लिहिलेलं सॉफ्टवेअर टाकून देणारा. नव्वदच्या दशकात ठाणे-कल्याण-डोंबिवलीत असे किती असतील! पॅकेज फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आलेलं असायचं (लायसन्सबद्दल विचारू नका), पण हिशोब चोख. त्यांनी लिहिलेला कोड मी वाचलाय. कॉमेंट एक नाही, व्हेरिएबलची नावं 'एमबाल', 'एमबाल१', 'एमबाल२', आणि तरी व्याज पैशापर्यंत बरोबर.

आता हा एकट्याचा प्रोग्राम सहा टेबलांवर कसा आला ते बघू, कारण खरी मेख इथेच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हार्डडिस्क भयंकर महाग. म्हणून एक डिस्क अनेकांत वाटून द्यायची कल्पना निघाली. पहिल्या व्यवस्थांमध्ये अख्खी डिस्कच शेअर व्हायची, आणि दोन मशीननी एकदम लिहिलं तर डिस्कवरची सगळी मांडणीच विस्कटायची. नोव्हेलच्या नेटवेअरने १९८३ च्या सुमारास वेगळी गोष्ट केली. डिस्क शेअर न करता फाइल शेअर करायची, आणि फाइलची उघड-बंद सर्व्हरने सांभाळायची. डॉसमध्ये आपले स्वतःचे ड्राइव्ह ए ते ई पर्यंत धरले जायचे, म्हणून नेटवेअरचा पहिला ड्राइव्ह एफ. नेटवेअर गेलं, डॉस गेलं, पण वर्तकनगरातल्या गाळ्यात एफ ड्राइव्ह अजून आहे!

इकडे १९८४ साली डॉस ३.० मध्ये 'शेअर' हा छोटा प्रोग्राम आला आणि फाइलचा ठराविक तुकडा लॉक करायची सोय आली. त्याच सुमारास आयबीएममध्ये बॅरी फेगनबॉम यांनी नेटवर्कवरून फाइल वाचण्या-लिहिण्याचा एक प्रोटोकॉल तयार केला. आधी त्याचं नाव त्यांच्याच आद्याक्षरांवरून होतं, मग ते बदलून एसएमबी झालं. आज तुम्ही विंडोजमध्ये शेअर्ड फोल्डर उघडता तेव्हा याच एसएमबीचे नातू-पणतू काम करत असतात.

पण नेटवेअर काय किंवा एसएमबी काय, हा राखणदार नव्हे. सर्व्हरला फाइलमध्ये काय आहे याचा पत्ता नसतो. त्याला वही दिसत नाही, फक्त बाइट दिसतात. हिशोबाची सगळी अक्कल प्रत्येक टेबलावरच्या प्रोग्राममध्ये. म्हणजे सहा कारकून, सहाही थेट वहीत हात घालणार, आणि आपापसात ठरवून घेणार की बाबा मी ही ओळ लिहितोय, तू थांब.

आणि ते ठरवायची पद्धत तर भन्नाटच. क्लिपर किंवा फॉक्सप्रो एखादी नोंद लॉक करतात तेव्हा बहुतेक वेळा त्या नोंदीच्या बाइटना हातच लावत नाहीत. कारण ते बाइट लॉक केले तर बाकीच्यांना वाचताही येणार नाही. मग ते फाइलच्या पार पलीकडची, अस्तित्वातच नसलेली जागा लॉक करतात. क्लिपर एक अब्जाव्या बाइटच्या पुढे नोंदीचा नंबर मोजायचा आणि तो बाइट लॉक करायचा. फाइल असेल दोन-चार एमबीची! म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत कुणी जाऊ नये म्हणून आपण हजाराव्या मजल्यावरच्या, न बांधलेल्या खोलीला कुलूप लावायचं. आणि सगळ्यांनी ठरवायचं की खाली जाण्याआधी वर जाऊन कुलूप आहे का बघायचं. सगळ्यांनी पाळलं तर झकास चालतं. पण ज्याला हा नियम माहीत नाही त्याला तिसऱ्या मजल्यावर जायला कुणी अडवत नाही.

नवीन नोंद घालताना तर आणखी नाजूक प्रकार. हेडरमधला आकडा वाचायचा, समजा ४८११, मग ४८१२ व्या जागी लिहायचं आणि आकडा वाढवायचा. हे करताना हेडरला कुलूप हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाचलेला आकडा ताजा हवा. दोन टेबलांनी शिळा ४८११ वाचला तर दोघंही ४८१२ वरच लिहिणार. नंतरचा आधीच्याला पुसून टाकणार. एरर नाही, बीप नाही, काही नाही.

नव्वदच्या दशकात हे चालवणं म्हणजे एक कलाच होती. एका काळ्या कोअॅक्स केबलवर सगळी मशीन माळेसारखी ओवलेली, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. झाडू मारताना बाईंच्या हातून एक टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस बंद. लिहिता लिहिता लाइट गेले की इंडेक्स बिघडायचा, म्हणजे नोंद वहीत आहे पण अनुक्रमणिकेत नाही, म्हणून शोधून सापडत नाही. म्हणून प्रत्येक प्रोग्रामच्या मेनूत 'रीइंडेक्स' असायचंच. सकाळी आल्यावर देवाच्या तसबिरीला उदबत्ती, मग रीइंडेक्स, मग चहा. क्रम बदलायचा नाही.

त्यानंतर आला वेगाचा हव्यास. प्रत्येक बाइटसाठी सर्व्हरकडे पळायचं म्हणजे फार हळू. म्हणून एसएमबीमध्ये 'ऑपॉर्च्युनिस्टिक लॉक' नावाची सोय आली. सर्व्हर क्लायंटला म्हणतो, सध्या ही फाइल तू एकट्यानेच उघडली आहेस, तेव्हा तुझ्याकडेच एक प्रत ठेव, दुसरा कुणी आला की मी हाक मारीन. वर्ड-एक्सेलसाठी हे उत्तमच आहे. पण सहा टेबलांच्या डीबीएफसाठी? हाक थोडी उशिरा पोचली, नेटवर्क कार्ड स्वस्तातलं असलं, की शिळा आकडा हातात. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी सुरू केलेल्या सांबा प्रकल्पात तर सेटिंगच आहे, अमुक नावाच्या फाइलना ही सवलत देऊ नका म्हणून, आणि त्याच्या उदाहरणांत डीबीएफ आणि अ‍ॅक्सेसची एमडीबी हमखास असतात. विंडोजवाल्यांकडे रजिस्ट्रीतली एक किल्ली होती. प्रत्येक गावातल्या हार्डवेअरवाल्याला ती तोंडपाठ. एकदा ती फिरवली की ऑफिस पुढची दहा वर्षं शांत.

आणि मग ती किल्लीच निकामी झाली.

व्हिस्टाबरोबर एसएमबीची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात ती जुनी किल्ली लागू होत नाही, आणि फाइलची लांबी, फोल्डरची यादी वगैरे माहितीही क्लायंट काही सेकंद स्वतःकडे जपून ठेवतो. जोवर ऑफिसात एक्सपीचा सर्व्हर होता तोवर सगळे जुन्याच एसएमबी-१ वर बोलत राहिले, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं. एसएमबी-१ मधल्या भोकातून जगभर पसरलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या. त्याने तर आपल्या शेजारी, उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प केलं होतं. कंटेनर अडकले, ट्रकच्या रांगा लागल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबी-१ मुळातच बंद करून यायला लागलं. अगदी योग्य निर्णय! १९८४ च्या भरवशाच्या जगातला प्रोटोकॉल किती दिवस चालवणार? पण त्याच्या पोटात सहा टेबलांचा शिष्टाचार होता, आणि तोही त्याच्याबरोबर गेला.

आता मूळ किस्सा. २०१९ ची दिवाळी नुकतीच झाली होती. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपणार म्हणून सगळीकडे मशीन बदलायची घाई. आमच्या भागातल्या एका छोट्या पतसंस्थेनेही सहा नवीन पीसी घेतले. प्रोग्राम व्हिज्युअल फॉक्सप्रो ६ मधला, वायटूकेच्या वेळी करून घेतलेला. लिहिणारा केव्हाच परदेशात. तिथले सेक्रेटरी काका बाबांच्या ओळखीचे, त्यामुळे शनिवारी मला बोलावणं आलं. "अरे, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना? जरा बघ ना येऊन." (मी जावामध्ये काम करतो हे सांगून काही उपयोग नसतो.)

गेलो तर प्रश्न कॉम्प्युटरचा नव्हताच. प्रश्न एका माणसाचा होता.

संस्थेचे दोन पिग्मी एजंट. रोज संध्याकाळी दुकानादुकानांतून, फेरीवाल्यांकडून दहा-वीस-पन्नास रुपये गोळा करायचे, हातातल्या मशीनमध्ये नोंद करून पावती द्यायची, आणि सकाळी संस्थेत येऊन रोकड भरायची आणि मशीनमधला डेटा कॉम्प्युटरला उतरवायचा. त्यातले एक काका वीस वर्षांहून जास्त काळ हे काम करत होते. त्यांच्या तीन दिवसांच्या नोंदी कुठेच नव्हत्या. एक भाजीवाली बाई पासबुक भरून घ्यायला आली, तिचे तीन दिवस कोरे. मग इस्त्रीवाला, मग आणखी दोघे. दुसऱ्या एजंटच्या नोंदी मात्र व्यवस्थित. काउंटरवर कुजबुज सुरू झालेली. कुणी उघड म्हणत नव्हतं, पण काका बाहेरच्या बाकावर बसून होते आणि त्यांना कुणी चहा विचारत नव्हतं. "कॉम्प्युटरमध्ये नाही म्हणजे नाही," असं एक संचालक मला दोनदा म्हणाले.

मला खटकली ती रोकड. पैसे खाल्ले असते तर पेटीत रोकड कमी पडायला हवी होती. कॅशियर ताई सांगत होत्या की रोकड उलट जास्त येतेय! त्यांनी स्वतः काकांकडून पैसे मोजून घेतले होते आणि नोंदही केली होती, त्यांच्या स्क्रीनवर ती दिसतही होती. मी दोन काम केली. त्यांच्या पीसीवरून दिवसाची किर्द छापली आणि काउंटरवरच्या पीसीवरूनही छापली. एकच तारीख, एकच प्रोग्राम, आणि किर्दी दोन. ताईंच्या किर्दीप्रमाणे जेवढी रोकड जास्त होती तेवढी जमा काउंटरच्या किर्दीत होती. आणि काउंटरच्या किर्दीप्रमाणे जेवढी जास्त, तेवढी ताईंच्या. म्हणजे संस्थेत एक वही नव्हती, दोन होत्या.

झालं होतं असं. कॅशियर ताईंचा पीसी हाच 'सर्व्हर'. मशीन बसवणाऱ्याने जुन्या पीसीवरचा फोल्डर होता तसा उचलून नवीन पीसीवर प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवला आणि तो शेअर केला. बाकी पाच जण एफ ड्राइव्हवरून त्या फोल्डरमध्ये लिहीत होते. ताई मात्र त्याच मशीनवर बसून थेट सी ड्राइव्हवरून प्रोग्राम चालवत होत्या. आता व्हिस्टापासून विंडोजचा नियम असा की साध्या वापरकर्त्याला प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिता येत नाही. पण जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून विंडोज एक मेहेरबानी करतं. नाही म्हणत नाही. गुपचूप त्या फाइलची एक प्रत त्या वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या कोपऱ्यात करून देतं आणि प्रोग्रामला भासवतं की तू मूळ फाइलमध्येच लिहितोयस. एक्सपीच्या काळात असं काही नव्हतं. दुसऱ्या एजंटचं पिग्मी मशीन यूएसबीचं होतं, ते काउंटरच्या पीसीला लागायचं. काकांचं मशीन जुनं, सिरियल केबलचं, आणि तो पोर्ट फक्त ताईंच्या पीसीला. काकांच्या नोंदी हरवल्याच नव्हत्या. वेगळ्या वहीत होत्या.

आधी मी सेक्रेटरी काकांना व्हर्च्युअलस्टोअरमधली फाइल उघडून दाखवली, भाजीवाल्या बाईचं नाव शोधून. नाव वाचताही येत नव्हतं म्हणा, जुन्या मराठी फॉन्टमधलं, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. खातं नंबरवरून ओळखलं. तीन दिवस, तीन नोंदी. मग बाकावरच्या काकांना आत बोलावलं गेलं आणि चहा आला.

हे वाचून कुणाला वाटेल की एवढ्याशा गोष्टीचा एवढा इतिहास कशाला. त्यांच्यासाठी ब्रिटनचं उदाहरण. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून होरायझन नावाची सिस्टिम सगळ्या शाखांत बसवली. शाखा चालवणारे लोक कंत्राटी, सबपोस्टमास्टर. हिशोबात तूट दिसली की भरायची त्यांनी. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशोब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. तूट बहुतेकांच्या पेटीत नव्हती, ती सिस्टिममध्ये होती. डिसेंबर २०१९ मध्ये, म्हणजे आमचा किस्सा घडला त्याच्या पुढच्याच महिन्यात, लंडनच्या हायकोर्टाने होरायझनमधल्या दोषांवर निकाल दिला. ५५५ जणांनी मिळून केलेला दावा होता तो, अ‍ॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने. त्या निकालात स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कच्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जाणारा एक बग आहे. सॉफ्टवेअरचं आतलं एक लॉक सुटायचं नाही, आणि एका काउंटरवरचे व्यवहार दुसऱ्या काउंटरला दिसायचे नाहीत. मी ते वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आपला कोपऱ्यातला पीसी आणि हजारो शाखांची ती सिस्टिम, आजार एकाच घराण्यातला! दोषी ठरलेल्यांची शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला मे २०२४ उजाडलं.

इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा गृहीतच धरलेलं होतं की कॉम्प्युटर नीट चालत असतो, नसेल तर तुम्ही सिद्ध करा. आपल्याकडे पुरावा कायद्यात २००० साली आलेल्या ६५-ब कलमात उलट अट आहे: त्या काळात कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होता असं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम ६३ मध्ये आलंय. कागदावर ही अट मला फार आवडते. त्या संचालकांना मी मनातल्या मनात विचारत होतो की साहेब, द्याल का सही करून?

पतसंस्थेत पुढे काय केलं ते थोडक्यात. दोन वह्या एकत्र करायला काही जादू नव्हती. दोन्हींत तेच नोंद क्रमांक वेगवेगळ्या व्यवहारांना गेलेले, त्यामुळे फाइल जोडून चालणार नव्हतं. काकांच्या पिग्मी मशीनच्या छापील याद्या होत्या. त्यावरून तीन दिवस पुन्हा टाइप केले, ताई सांगत होत्या आणि मी टाइप करत होतो. डेटा डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरमध्ये हलवला, आणि ताईंनाही त्यांच्याच मशीनवर एफ ड्राइव्हवरूनच यायला लावलं, म्हणजे सगळे एकाच दाराने आत. मशीनवाल्याने अडचण आली म्हणून काही पीसींवर एसएमबी-१ चालू करून ठेवलं होतं, ते बंद केलं. क्लायंटच्या त्या काही सेकंदांच्या जपणुका रजिस्ट्रीत शून्यावर आणल्या आणि सर्व्हरवर लीजिंग, म्हणजे ऑपलॉकचा नवा अवतार, बंद केलं. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्सेसच्या बिघडणाऱ्या फाइलसाठी सुचवलेला उपाय तोच आहे. वेग थोडा कमी झाला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हे सगळं मलमपट्टीच होतं आणि तसं मी सांगितलंही. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा सपोर्ट २०१५ सालीच संपलेला. खरा उपाय म्हणजे दारात राखणदार बसवणं, म्हणजे डेटाबेस सर्व्हर. संचालक मंडळाने दोन सभा घेतल्या, कोटेशन मागवली, आणि २०२१ मध्ये पोस्टग्रेसवरचं नवीन सॉफ्टवेअर आलं. नावं युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरांनी जे छळलं त्यावर एक वेगळा लेख होईल.

नवीन सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं. एफ ड्राइव्ह लागत नाही. तरी मशीन बसवणाऱ्याने सगळ्या पीसींवर तो जोडून ठेवलाय. आत काय आहे विचारलं तर ताई म्हणाल्या, "स्कॅन केलेली आधारकार्डं. आणि गणपतीच्या वर्गणीची एक्सेल."